कपाटाखालची एलईडी पट्टी: उजेड झकास, कंट्रोलची मात्र बोंब

स्वयंपाकाच्या ओट्यावर उजेड पाडायला वरच्या कपाटाखाली लावायचं एलईडी पट्टीचं किट घेतलं, ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी त्याचा निकाल आधीच सांगून टाकतो. किटमधली पट्टी चांगली आहे, अ‍ॅल्युमिनियमचं प्रोफाइल (पट्टी ज्यात बसते ती पन्हळ) त्याहून चांगलं आहे, ड्रायव्हर (घरातली मेन्सची वीज पट्टीला लागणाऱ्या २४ व्होल्टवर आणणारा डबा) कमी ताकदीचा दिलाय आणि हात हलवून चालू-बंद करायचा जो सेन्सर दिलाय तो ओट्यापाशी काही कामाचा नाही. अ‍ॅपबद्दल खाली सविस्तर बोलतो कारण खरी रड तिथे आहे. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाहीये, हाच माल खोका बदलून बऱ्याच नावांनी विकला जातो आणि मला कुणा एकाला झोडपायचं नाहीये, तुम्ही दुसऱ्या नावाचा घेतलात तरी आत बहुतेक असंच काहीतरी निघेल.

खोक्यात काय काय होतं तर २४ व्होल्टची सीओबी स्ट्रिप (सुट्या ठिपक्यांऐवजी सलग उजेड देणारी पट्टी) ५ मीटर, मीटरला १० वॅट, उजेडाचा रंग ४००० केल्विन (आकडा कमी तितका पिवळसर, जास्त तितका निळसर). १ मीटरची ३ प्रोफाइल दुधी झाकणांसकट, क्लिपा, स्क्रू, ३६ वॅटचा ड्रायव्हर, हात-सेन्सर, वाय-फायवाला छोटा कंट्रोलर, आणि एक माहितीपत्रक ज्यावरची अक्षरं वाचायला आधी हीच लाइट लावून घ्यावी लागेल.

आता हे सगळं लागतंच कशाला असं घरी पहिल्यांदा विचारलं जातं. तर छतावरचा दिवा कितीही मोठा लावा, ओट्याशी उभं राहिलं की तो आपल्या पाठीमागे जातो आणि आपल्याच डोक्याची सावली बरोब्बर चिरायच्या पाटावर पडते. वर कपाटं असली की त्यांची सावली वेगळी. कामाच्या ठिकाणच्या उजेडाचं जे युरोपियन मानक आहे, ईएन १२४६४-१, त्यात स्वयंपाकघरासाठी ५०० लक्स (पृष्ठभागावर किती उजेड पडतो त्याचं माप) धरलेत, घराला ते काही लागू नाही पण अंदाज घ्यायला आकडा बरा आहे. फोनमधलं लक्स मीटरचं अ‍ॅप अगदी अचूक नसतं तरी आधी आणि नंतर ठेवून बघा, सावलीतला आकडा बघून तुम्हालाच वाटेल की इतके दिवस आपण अंधारात सुरी चालवत होतो.

पट्टीबद्दल बोलू. जुन्या पद्धतीच्या स्ट्रिपवर सुटे सुटे एलईडी असतात, मीटरला ६० किंवा १२०, आणि प्रत्येकाचा वेगळा ठिपका दिसतो. खाली मॅट लाकूड असेल तर काही बिघडत नाही, पण ओटा काळा चकचकीत ग्रॅनाईट असेल तर त्यात त्या ठिपक्यांची अख्खी मुंग्यांची रांग दिसते आणि एकदा दिसली की मग दुसरं काही दिसतच नाही. सीओबीमध्ये बारीक बारीक चिप्स मीटरला ३२०, ४८० अशा दाटीने बसवलेल्या असतात आणि त्यांच्यावरून फॉस्फरचा सलग थर ओतलेला असतो, म्हणून बंद असताना ती पिवळीधमक दिसते आणि चालू केली की एक सलग पांढरी रेघ. पिवळी का तर आतली चिप खरं म्हणजे निळी असते, निळ्यातला थोडा उजेड फॉस्फर पिवळा करतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं. दुधी झाकणाशिवाय सुद्धा आमच्या ग्रॅनाईटमध्ये ठिपके आले नाहीत, झाकण लावल्यावर तर प्रश्नच नाही. इथे पूर्ण मार्क.

रंगाच्या बाबतीत खोक्यावर सीआरआय ९० लिहिलंय. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, पण तो ८ फिकट रंगांच्या सरासरीवर निघतो आणि गडद लाल, ज्याला आर-९ म्हणतात, तो त्या ८ मध्ये नसतोच. म्हणून ८० वाल्या स्वस्त पट्टीत लाल वस्तू मळकट तपकिरी दिसते आणि आकडा तरी बरा वाटतो. या पट्टीखाली लाल लालच दिसतं. आर-९ चा आकडा छापलेला नाही, छापायला हवा होता. ४००० केल्विन कामाला योग्य आहे, पण खोलीतला मुख्य दिवा जर २७०० किंवा ३००० चा पिवळसर असेल तर ओटा एकदम दवाखान्यासारखा वेगळा पडतो, तेव्हा आधी घरातल्या बल्बवर काय छापलंय ते वाचा मग पट्टी निवडा. आरजीबी, म्हणजे रंगीत, ओट्याला घेऊच नका. पहिले दोन दिवस मुलं जांभळं-हिरवं करतात आणि मग कायमचं पांढरंच राहतं, आणि ते लाल-हिरवा-निळा मिळून केलेलं पांढरं अगदीच वाईट असतं.

२४ व्होल्ट का घेतली हे विचारणारे बरेच असतात कारण १२ ची कुठेही मिळते. हिशोब सोपा आहे. आमच्याकडे चिमणीच्या डावी-उजवीकडे मिळून ३ मीटर पट्टी लागली, म्हणजे ३० वॅट. १२ व्होल्टवर त्याला अडीच अँपिअर लागतात, २४ वर सव्वा. आता ड्रायव्हर ते पट्टी ३ मीटर लांब ०.५ स्क्वेअर एमएमची बारीक वायर धरा, जाऊन-येऊन ६ मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स ०.२१ ओहमच्या आसपास. १२ वर अर्धा व्होल्ट वायरीतच खलास, म्हणजे ४ टक्क्यांच्या वर, आणि २४ वर पाव व्होल्ट, म्हणजे टक्काभर. शिवाय पट्टीचं स्वतःचं तांबं वायरीपेक्षा पातळ, तिथे आणखी गळती, म्हणून १२ व्होल्टच्या लांब पट्टीचं शेवटचं टोक मलूल दिसतं. २४ वर हा त्रास जवळजवळ नाही. तोटा एकच, सुट्या एलईडीवाल्या २४ व्होल्ट पट्टीत कापायच्या खुणा लांब लांब असतात, मीटरला ६० वाली असेल तर १० सेंटिमीटरला एक, त्यामुळे कपाटाच्या टोकाला अंधारा कोपरा राहू शकतो. आमच्या सीओबीला दर ५ सेंटिमीटरला खूण आहे, भागलं.

आता तक्रारीचं पहिलं प्रकरण, ड्रायव्हर. ५ मीटर गुणिले १० वॅट किती होतात? ५०. आणि सोबत ड्रायव्हर किती वॅटचा? ३६. म्हणजे खोक्यातली पट्टी खोक्यातल्याच ड्रायव्हरवर पूर्ण चालूच शकत नाही! पूर्ण लावली तर ड्रायव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो, परत चालू होतो, परत बंद, आणि माणूस पट्टीला शिव्या देतो. आमचे ३० वॅट त्यावर चालले, पण ड्रायव्हरवर त्याच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त लोड कायमचा ठेवू नये हा साधा नियम आहे, आणि इथे ८३ टक्के झाला. तासाभराने हात ठेववेना इतका तापला. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की "सर, हे नॉर्मल आहे". बरं. तो काढून ६० वॅटचा चांगला मेटल बॉडीचा बसवला, आता कोमट सुद्धा जेमतेम होतो. एलईडी जळाली असं लोक म्हणतात तेव्हा बऱ्याच वेळा पट्टी धडधाकट असते आणि ड्रायव्हर गेलेला असतो, तेव्हा पैसे वाचवायचेच असतील तर कृपया दुसरीकडे वाचवा. घेताना त्यावर कॉन्स्टंट व्होल्टेज लिहिलंय ना बघा, कॉन्स्टंट करंटवाला छतात बसणाऱ्या डाऊनलाइटसाठी असतो, तो असल्या पट्टीला चालत नाही.

बसवणं. माहितीपत्रकात चित्र काढलंय त्यात पट्टी कपाटाखाली अगदी मागे भिंतीला लागून दाखवलीय. चित्रात छान दिसतं, टाइल्स उजळतात, पण काम कुठे करता तुम्ही? ओटा ६० सेंटिमीटर खोल, वरचं कपाट ३० ते ३५, म्हणजे कपाटाची पुढची कड बरोबर ओट्याच्या मध्यावर येते. पट्टी पुढे लावली की उजेड मधोमध पडतो, मागे लावली की भिंत झगमगते आणि तुमच्या हाताखाली पुन्हा सावली. पुढेच लावा. फक्त कपाटाला खाली दोन-तीन सेंटिमीटरची आडपट्टी हवी, नाहीतर समोर खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या डोळ्यात उजेड घुसतो. आडपट्टी नसेल तर ४५ अंशाचं कोपऱ्याचं प्रोफाइल घ्या आणि तोंड भिंतीकडे करून बसवा. आमच्या सुतारदादांनी उरलेल्या लॅमिनेटच्या प्लायची पट्टी लावून दिली, अर्ध्या तासाचं काम.

प्रोफाइल साध्या हॅकसॉने कापलं जातं, झाकण वेगळं काढून कापायचं. कापल्यावर कडेला अ‍ॅल्युमिनियमचा जो धारदार कंगोरा राहतो तो कानसने घासून काढाच, कारण पट्टीच्या कापलेल्या टोकाला तांब्याचे दोन ठिपके उघडे असतात आणि कंगोरा दोघांना एकदम टेकला की शॉर्ट. त्या टोकावर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळणारी, बारकी नळी चढवली की चिंता मिटली. क्लिपांसोबतचे स्क्रू आधी मोजा, कपाटाचा तळ १८ मिलिमीटर असेल तर १२ चा स्क्रू पुरे, मोठा घातला तर कपाटात डबे ठेवताना बोटाला टोचून समजेल. पट्टी चिकटवायच्या आधी प्रोफाइल आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. थेट कपाटाच्या तळाला चिकटवायची आयडिया डोक्यातून काढून टाका, स्वयंपाकघरातल्या तळाला तेलाचा चिकट थर असतो तो दिसत नाही पण टेपला समजतो, आणि दुसरं म्हणजे एलईडीची उष्णता अ‍ॅल्युमिनियम ओढून घेतं, प्लाय घेत नाही. खोक्यावर एल-७० ५०,००० तास असं असतं ना, म्हणजे तेवढ्या तासांनी उजेड ७० टक्क्यांवर येईल, तो आकडा थंड राहिलेल्या पट्टीचा आहे.

आणि त्या क्लिप कनेक्टर. सोल्डरची गरज नाही, नुसतं सरकवा आणि दाबा, असं म्हणतात. पट्टी ८ मिलिमीटरची, कनेक्टर १० चा आला, आत ती डावी-उजवी हलते, दात अर्धे तांब्यावर अर्धे बाहेर. दाबलं की लागते, झाकण लावताना वायर जरा ओढली की लुकलुकते. मी सगळ्या काढून सोल्डर केलं. ठिपक्यावर आधी थोडं कथील, वायरीच्या टोकाला थोडं कथील, मग दोन्ही एकमेकांना लावून सोल्डरिंग आयर्न दोन सेकंद टेकवायची, जास्त वेळ ठेवली तर ठिपका पट्टीवरून उचकटतो. सीओबीत कापलेल्या जागी वरचा पिवळा सिलिकॉन थोडा खरवडून तांबं मोकळं करावं लागतं, ते नखाने होतं, ब्लेड लावलं तर जपून. अधिक-उणे बघून घ्या, उलटं लागलं तर जळत नाही शक्यतो, पण पेटतही नाही. डावी आणि उजवी पट्टी एकामागून एक जोडण्यापेक्षा ड्रायव्हरपासून दोघींना वेगळ्या वायरी नेल्या, दोन्हीकडे सारखा उजेड.

ड्रायव्हर वरच्या कपाटांच्या डोक्यावर ठेवलाय, हवा लागेल असा, चिमणीच्या पाइपपासून लांब. कपाटाच्या आत डब्यांमागे कोंबायचा नाही. २४ व्होल्टच्या बाजूचं काम थोडंफार हात चालणाऱ्याने करावं, मेन्सची बाजू मात्र इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या. एमसीबी पाडायचा, टेस्टर लावून बघायचं आणि मगच हात. मेटल बॉडीचा ड्रायव्हर असेल तर अर्थिंग जोडलंच पाहिजे. स्विच फेजवरच हवा हेही त्यांना सांगा, न्यूट्रलवर स्विच असेल तर बंद केल्यावरसुद्धा पट्टी रात्री मिणमिणत राहू शकते आणि घरात भुताटकीच्या गप्पा सुरू होतात.

इथपर्यंत सगळं मजेत. आता कंट्रोल.

हात-सेन्सर म्हणजे प्रोफाइलच्या आत बसणारा छोटा तुकडा, तो इन्फ्रारेड सोडतो, काही सेंटिमीटरवर काही आलं की परत फिरलेला उजेड बघून पट्टी चालू किंवा बंद करतो. कल्पना चांगली, ओले-पिठाळ हात स्विचला लावायला नको. प्रत्यक्षात त्याला हात आणि स्टीलचं झाकण यातला फरक कळत नाही. उंच भांडं उचलून त्याच्याखालून नेलं, लाइट गेली. झाकण काढलं, आली. वाफ वर गेली, परत गेली. ऐन घाईत, सुरी हातात असताना उजेड जाणं ही गैरसोय नाही, धोका आहे. सेन्सर कपाटाच्या अगदी टोकाला, जिथे कुणी काम करत नाही तिथे सरकवला तर बराच शहाणा झाला, पण मग मुद्दाम टोकाला जाऊन हात हलवायचा तर भिंतीवरचं बटण काय वाईट होतं? सासूबाईंनी एका वाक्यात निकाल लावला, "याला नमस्कार करून लाइट लावायची का आता?" त्यानंतर तो निघालाच.

वाय-फाय कंट्रोलरचं अ‍ॅप. आधी अकाउंट उघडा, मग लोकेशनची परवानगी, मग फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर आणा कारण कंट्रोलरला ५ वालं समजत नाही. राउटर दोन्ही एकाच नावाने चालवत असेल तर इथेच अर्धा तास जातो. एकदा जोडलं की चालतं, टायमर आहेत, डिमिंग म्हणजे उजेड कमी-जास्त करायची सोय आहे, आवाजी असिस्टंटला सांगून चालू होते. पण इंटरनेट गेलं की अ‍ॅप कोरा चेहरा करून बसतो, कारण बटण दाबल्याची बातमी आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून परत आपल्याच ओट्यावर येते. दोन हातांवरच्या दिव्यासाठी एवढा प्रवास! आणि पाहुणे आले, त्यांच्या फोनमध्ये अ‍ॅप नाही, ते काय करणार? सगळ्यात वाईट म्हणजे वीज जाऊन आली की पट्टी आपोआप पूर्ण उजेडात पेटते, मध्यरात्री सुद्धा. अ‍ॅपमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" ही सेटिंग शोधली, त्या कंट्रोलरला नाहीच. घ्यायच्या आधी हे एवढं नक्की विचारा: मागची स्थिती लक्षात ठेवतो का.

शेवटी मी काय केलं ते सांगतो. कंट्रोलर बदलून झिग्बीचा, म्हणजे स्मार्ट उपकरणांसाठीच्या वेगळ्या वायरलेस पद्धतीवर चालणारा, डिमर मॉड्यूल लावला आणि भिंतीवर त्याचाच बॅटरीवाला छोटा स्विच चिकटवला, दाबलं की चालू-बंद, दाबून धरलं की कमी-जास्त. झिग्बीचा हुकूम घरातल्या घरात फिरतो, इंटरनेट असो नसो. घरात आधीपासून हब, म्हणजे झिग्बीची उपकरणं सांभाळणारा डबा, होता म्हणून हे जमलं, नुसत्या एका पट्टीसाठी हब घेऊ नका. यात एक गोष्ट समजून घ्या, झिग्बीची कायम वीज असलेली उपकरणं एकमेकांचा सिग्नल पुढे पोचवतात, म्हणून या मॉड्यूलची मागची वीज भिंतीच्या स्विचने बंद करत बसू नका, नाहीतर त्याच्या भरवशावर असलेले पुढचे सेन्सर पण घरातून बेपत्ता होतात. मॉड्यूल लोखंडी डब्यात किंवा चिमणीच्या पत्र्यामागे लपवू नका, सिग्नल अडतो. मॅटर नावाचं नवं मानक २०२२ च्या ऑक्टोबरात आलं, त्यातही कंट्रोल घरातल्या घरातच होतो आणि वेगवेगळ्या कंपन्यांचा माल एकत्र चालावा असा हेतू आहे, आज नव्याने घेत असाल तर खोक्यावर ती खूण बघा.

पण खरं सांगू का, ज्यांना हे स्मार्ट प्रकरण नको त्यांनी काही गमावलं नाही. ड्रायव्हर थेट भिंतीवरच्या साध्या स्विचवर घ्या आणि २४ व्होल्टच्या लाइनीत एक गोल बटणाचा डिमर टाका. संपलं. मेन्सवाला पंख्याच्या रेग्युलेटरसारखा दिसणारा डिमर मात्र साध्या ड्रायव्हरच्या आधी लावायचा नाही, त्यासाठी ड्रायव्हरवर ट्रायॅक डिमेबल असं स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे, नसेल तर पट्टी फडफडते, ड्रायव्हर गुणगुणतो आणि काही दिवसांनी राम म्हणतो. आणि एका लाइनीत दोन डिमर कधीच नकोत. किटवाल्याने सेन्सर आणि कंट्रोलर दोन्ही दिलेत आणि चित्रात दोन्ही एकापाठोपाठ जोडलेत, सेन्सर स्वतः सुद्धा डिमिंग करणारा! पहिला डिमर पट्टीची वीज सेकंदाला शेकडो वेळा तोडतो-जोडतो, दुसऱ्याला ती तुटक वीज मिळाल्यावर तो गोंधळणारच. चित्र काढणाऱ्याने स्वतः एकदा जोडून बघितलं असतं तर बरं झालं असतं.

ते तोडणं-जोडणं म्हणजेच पीडब्ल्यूएम, आणि त्याचा वेग कमी असला की काहींचे डोळे दुखतात, डोकं चढतं. आयईईई या इंजिनिअरांच्या संस्थेची १७८९ ही २०१५ ची शिफारस आहे, तिच्या हिशोबाने अशी पूर्ण चालू-पूर्ण बंद होणारी लाइट १२५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १२५० वेळांच्या, वर असेल तर धोका कमी आणि ३००० च्या वर असेल तर काळजीच नाही. खोक्यावर हा आकडा शोधून सापडायचा नाही. घरच्या घरी बघायचं तर पट्टी २० टक्क्यांवर आणा आणि फोनचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, काळे पट्टे पळताना दिसले तर वेग कमी. किटच्या कंट्रोलरमध्ये पट्टे अगदी ढळढळीत दिसले, नव्या मॉड्यूलमध्ये जवळजवळ नाहीत. पंजा पट्टीखाली भरभर हलवून बघितला तरी समजतं, बोटं तुटक तुटक दिसतात.

डिमिंगच्या बाबतीत आणखी एक. किटच्या अ‍ॅपमध्ये १०० वरून ५० वर आणलं तरी डोळ्याला फारसा फरक वाटत नाही, आणि १० वरून ५ वर आणलं की धाडकन अंधार. कारण डोळा सरळ रेषेत मोजत नाही आणि अ‍ॅप मोजतं. चांगल्या डिमरमध्ये खालच्या बाजूला बारीक पायऱ्या असतात. रात्री पाणी प्यायला उठल्यावर ५ टक्के उजेड पुरतो आणि झोप उडत नाही, या एका कामासाठी डिमर हवाच असं माझं मत. त्यासाठी ओट्याखाली पायाशी एक पीआयआर सेन्सर लावलाय, तो हालणारी उष्णता बघतो, रात्री माणूस आला की ५ टक्के, दोन मिनिटांनी बंद. दिवसा त्याला सुट्टी, कारण एका जागी उभं राहून काम करणाऱ्या माणसाला पीआयआर बघत नाही आणि लाइट घालवतो.

भाड्याच्या घरात हे सगळं करायची इच्छा नसेल तर चुंबकाने चिकटणारे चार्जिंगचे बार येतात, सोयीचे आहेत, पण उजेड कमी आणि सारखं काढून चार्ज करत बसा. कपाटाच्या आत ठीक. ओट्याला नाही.

काही महिने रोज वापरल्यावर: पट्टीचा रंग बदललेला नाही, टेप सुटलेला नाही. झाकणावर तेलाचा थर बसतो, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून पिळलेल्या कापडाने पुसा, तिखट क्लीनर किंवा थिनर लावू नका, प्लास्टिक धुरकट होतं. सिंकच्या वरच्या तुकड्याला आयपी ६५ ची, म्हणजे पाण्याचे फवारे झेलणारी, सिलिकॉनवाली पट्टी हवी, किटमध्ये सगळी आयपी २०, म्हणजे पाण्यापासून बचाव नसलेली, आहे आणि झाकण असलं तरी प्रोफाइल काही वॉटरप्रूफ नसतं, तिथे मी वेगळी आणून लावली. सिलिकॉनमुळे रंग किंचित निळसर झुकतो, शेजारी शेजारी बघितलं तर जाणवतं. विजेचं म्हणाल तर ३० वॅट रोज ४ तास म्हणजे आठवडा उलटून एक युनिट. उलट बंद असताना ड्रायव्हर आणि मॉड्यूल मिळून अर्धा वॅट जरी खात असतील तरी वर्षाला चारेक युनिट होतात, एवढं चालायचं.

पट्टी आणि प्रोफाइलला ५ पैकी साडेचार. ड्रायव्हरला २. सेन्सर, कंट्रोलर आणि त्या माहितीपत्रकाला मिळून १, तोही बुडवायला जिवावर येतं म्हणून. तुम्ही घेणार असाल तर पट्टी, प्रोफाइल आणि ड्रायव्हर सुटे घ्या, कंट्रोल आपल्या घरातल्या माणसांना झेपेल असा निवडा, किटच्या नादी लागू नका. आणि उरलेली पट्टी, आमची २ मीटर उरली, ती फेकू नका. दुसऱ्या बॅचची ४००० केल्विनची पट्टी आणली तरी शेजारी लावल्यावर छटा वेगळी दिसते, पुढे एखादा तुकडा गेला तर हीच कामाला येईल. रोलवरचं लेबल फाडून कपाटाच्या दाराच्या आत चिकटवून ठेवा, व्होल्ट, मीटरला वॅट, केल्विन सगळं त्यावर असतं, पुढच्या इलेक्ट्रिशियनला शिडी लावून वर चढायला नको.